परदेशी कस्टमरसोबत ऑनलाईन मीटिंग कशी करायची: छोट्या वर्कशॉपवाल्यांसाठी

भोसरी एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, चार व्हीएमसी आणि सहा सीएनसी लेथ अशी कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशीनं, सगळी मिळून तीसेक माणसं. कस्टमरशी बोलायचं काम माझ्याकडे. दोन कस्टमर जर्मनीत, एक अमेरिकेत मिशिगनला, आणि कोविडनंतर त्यांचं इकडे येणं खूप कमी झालंय, त्यामुळे कोटेशनपासून कम्प्लेंटपर्यंत सगळं ऑनलाईन मीटिंगमध्येच ठरतं. आजूबाजूचे वर्कशॉपवाले नेहमी विचारतात की तुम्ही हे कसं जमवता, आम्हाला इंग्लिश धड बोलता येत नाही, आवाज तुटतो, समोरचा काय म्हणाला ते कळत नाही, मग आम्ही मेलवरच भागवतो. म्हणून एकदा सगळं सुरुवातीपासून लिहून काढतेय.

आधी एक गोष्ट सांगते, कारण आमची सगळी पद्धत तिच्यातून तयार झाली. काही वर्षांपूर्वी एका कॉलवर समोरचा इंजिनिअर बोअरचा टॉलरन्स (भोकाच्या मापात किती फरक चालेल तो आकडा) सांगत होता, आवाज मधेमधे तुटत होता, आम्ही ऐकलं 'झिरो पॉइंट झिरो फाईव्ह', तो म्हणाला होता 'झिरो पॉइंट झिरो वन फाईव्ह'. मधला 'वन' नेटने खाल्ला. पुन्हा विचारायला संकोच वाटला, कारण आधीच दोनदा 'पार्डन' म्हणून झालं होतं. सुधारलेलं ड्रॉइंग यायला आठवडा लागला, तोपर्यंत आम्ही कटिंग सुरू केलेलं, आणि १८० जॉब, म्हणजे मशीनवर कापलेले भाग, बाजूला ठेवावे लागले. चूक कुणाची यावर वाद घालून काही मिळालं नसतं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की कॉलवर ऐकलेला आकडा हा आकडाच नाही, तो लिहून समोरच्याने 'हो' म्हटलं की मगच तो ठरला.

आता क्रमाने.

सगळ्यात आधी ठरवा की या विषयाला कॉल लागतोय का. डिस्पॅचची तारीख कळवायची, इन्व्हॉइस पाठवायचं, टेस्ट सर्टिफिकेट हवंय, हे मेलवर. ड्रॉइंगमध्ये शंका आहे, जॉब रिजेक्ट झालाय, रेट वाढवून हवाय, नवीन पार्ट डेव्हलप करायचाय, याला कॉल. माझा साधा हिशोब असा की एकाच विषयावर तीन मेल इकडून आणि तीन तिकडून झाले आणि गाडी तिथेच असेल तर चौथा मेल टाइप करायचा नाही, सरळ वेळ मागायची.

वेळ ठरवताना मात्र फार गडबड होते, इथे नीट लक्ष द्या. आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच, पण जर्मनीत आणि अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. जर्मनी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन तास. म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ हे हिवाळ्यात आपले दुपारचे दीड आणि उन्हाळ्यात साडेबारा. मिशिगनमध्ये डेट्रॉइटकडची वेळ हिवाळ्यात साडेदहा तास मागे आणि उन्हाळ्यात साडेनऊ. युरोपचं घड्याळ बदलतं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेचं बदलतं मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक आठवडा असा असतो की एकाचं बदललंय आणि दुसऱ्याचं नाही. तिघांचा एकत्र कॉल असेल तर या दिवसांत कुणीतरी एक तास आधी नाहीतर उशिरा येणारच. एरवी आम्ही डेट्रॉइटचे सकाळचे आठ, जर्मनीचे दुपारचे दोन असा कॉल ठेवतो, आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि उन्हाळ्यात साडेपाच. मेलमध्ये नुसतं 'उद्या दोन वाजता' असं कधीच लिहू नका, प्रत्येक शहराचं नाव आणि त्याच्यासमोर तिथली वेळ लिहा, आणि कॅलेंडरचं इन्व्हाइट पाठवा म्हणजे ज्याच्या त्याच्या फोनमध्ये तिथली वेळ आपोआप दिसते. वेळ मागताना एक नाही, दोन-तीन पर्याय द्या. जर्मन माणसाला शुक्रवारी दुपारनंतरचा कॉल शक्यतो देऊ नका, त्यांच्याकडे बऱ्याच ऑफिसात शुक्रवारी लवकर निघतात.

आणि भोसरी-चाकणकडचे असाल तर गुरुवार टाळा, गुरुवारी लाईट जायची शक्यता आपल्याकडे सगळ्यात जास्त हे मी सांगायला नको.

सॉफ्टवेअर कुठलं? कस्टमर जे वापरतो ते. मोठ्या कंपन्या बहुतेक मायक्रोसॉफ्ट टीम्सवर असतात, त्यांनी लिंक पाठवली की आपण फक्त जॉईन व्हायचं, आपल्याला विकत काही घ्यावं लागत नाही. आपण बोलावणार असू तर फुकटच्या प्लॅनची मर्यादा माहिती असू द्या. झूमवर ४० मिनिटांनी मीटिंग बंद होते, गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटं मिळतात, फुकटच्या टीम्सवरही ग्रुप मीटिंगला ६० मिनिटं. रेटची चर्चा रंगात आलेली असताना चाळीसाव्या मिनिटाला स्क्रीन बंद पडली तर ते बरं दिसत नाही, त्यामुळे महिन्यात तीन-चार कॉल आपण लावत असू तर एक पेड अकाउंट घ्या. व्हॉट्सअॅप कॉल आपापसात ठीक आहे, पण बाहेरच्या कस्टमरसोबत टाळा, कारण त्यात इन्व्हाइट, अजेंडा, मिनिट्स (मीटिंगमध्ये काय ठरलं त्याची लेखी नोंद) असं काही नीट बांधून राहत नाही आणि बऱ्याच परदेशी कंपन्यांमध्ये कामासाठी ते वापरायला परवानगीच नसते.

आता आवाज. लोक कॅमेऱ्यावर पैसे घालतात, मागचं बॅकग्राउंड सजवतात, आणि लॅपटॉपच्या माईकवर बोलतात. उलटं करा. चेहरा अंधुक दिसला तर कुणाचं काही अडत नाही, आवाज तुटला तर १८० जॉब जातात.

एकटे बोलत असाल तर वायरचा हेडसेट, यूएसबीवाला, हजार-दोन हजारात मिळतो तो चालतो. ब्लूटूथचे इअरबड नको, ऐन वेळी चार्जिंग संपतं आणि कधी लॅपटॉपला तर कधी खिशातल्या मोबाईलला जोडले जातात. टेबलाभोवती तीन-चार जण असतील तर कॉन्फरन्स स्पीकरफोन घ्या, वाटीसारखा गोल असतो, मधे ठेवायचा, त्यात चारी बाजूंचा आवाज उचलायची आणि आपलाच आवाज परत जाऊ न द्यायची सोय असते. एका खोलीत एकच माईक आणि एकच स्पीकर चालू पाहिजे, हे पक्कं लक्षात ठेवा. दोघांनी आपापल्या लॅपटॉपवरून जॉईन केलं आणि दोन्हीचे माईक-स्पीकर चालू राहिले की एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून कर्कश शिट्टी सुरू होते. दुसऱ्याला स्क्रीन हवी असेल तर त्याने माईक म्यूट आणि स्पीकरही बंद करून बसायचं, नुसतं म्यूट करून भागत नाही.

खोलीचाही विचार करा. आमचं ऑफिस शॉप फ्लोअरला लागून, काचेचं पार्टिशन, खाली टाइल्स, आवाज घुमायचा. आम्ही जाड पडदे लावले आणि कॉम्प्रेसरच्या विरुद्ध बाजूची खोली कॉलसाठी ठेवली, एवढ्यानेच फरक पडला.

नेटचं म्हणाल तर स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका, अपलोड बघा, कारण आपला आवाज आणि आपली स्क्रीन अपलोडवरून जाते. लॅपटॉपला लॅनची वायर लावा, वायफायवर मशीनच्या केबल, पत्र्याच्या भिंती, चाळीस मोबाईल यांचा सगळा परिणाम होतो. आवाजाला डेटा फार कमी लागतो, झूमच्याच माहितीप्रमाणे नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस आणि व्हिडिओ बंद ठेवून नुसतं स्क्रीन शेअर केलं तर ५० ते ७५ केबीपीएस पुरतात. म्हणजे नेट रडायला लागलं की पहिल्यांदा सगळ्यांचे कॅमेरे बंद करा, ड्रॉइंग आणि आवाज दोन्ही चालू राहील. खरी अडचण स्पीडपेक्षा उशिराची असते. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायला १५० मिलीसेकंदांपर्यंत लागले तर बोलणं सहज वाटतं, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारसही तीच आहे, त्याच्या वर गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं थांबतात, परत एकदम सुरू करतात. यावर उपाय एकच, समोरच्याचं वाक्य संपलं की मनात 'एक' म्हणून मग बोला.

राउटरला छोटा यूपीएस लावा. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून आपण निर्धास्त असतो आणि लाईट गेल्यावर राउटर बंद पडतो. मोबाईलचा हॉटस्पॉट आधीच लॅपटॉपला एकदा जोडून ठेवा, पासवर्ड शोधत बसायची वेळ ती नसते. आणि इन्व्हाइटमध्ये फोनने जॉईन व्हायचा नंबर आणि पिन दिला असेल तर तो कागदावर लिहून ठेवा, नेट पूर्ण गेलं तरी साध्या फोनवरून बोलता येतं, झूमला असं जॉईन झालात तर स्टार आणि ६ दाबलं की म्यूट होतं, परत दाबलं की म्यूट निघतं.

कॉलच्या आदल्या दिवशी एक मेल जायला हवा. त्यात तीन-चार मुद्दे, त्यापेक्षा जास्त नको, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे आपल्याला त्यांच्याकडून नक्की काय हवंय ते. 'टॉलरन्सवर चर्चा' असं लिहू नका, 'बोअरचा टॉलरन्स १५ मायक्रॉनवरून २५ मायक्रॉन करायला मंजुरी' असं लिहा, म्हणजे समोरचा ज्याच्याकडे मंजुरीचा अधिकार आहे त्याला सोबत घेऊन येतो. ज्या ड्रॉइंगवर बोलायचं त्याचा नंबर आणि रिव्हिजन (ड्रॉइंगची कितवी सुधारित आवृत्ती) लिहा. दोघांसमोर वेगवेगळी रिव्हिजन उघडी आहे आणि अर्धा तास वाद चाललाय, हे मी स्वतः दोनदा बघितलंय. सीएमएम (मापं तपासायचं मशीन) रिपोर्ट, जॉबचे फोटो, जे काही दाखवायचं ते आधीच जोडा.

कॉलला कोण बसणार, याबद्दल मला जरा मनापासून बोलायचंय. बहुतेक ठिकाणी मालक आणि ज्याला इंग्लिश येतं तो, असे दोघं बसतात. पण जॉब कुणाला माहितीये? आमच्याकडे सुपरवायझर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात, सव्वीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस. पहिली काही वर्षं ते कॉलला यायचेच नाहीत, म्हणायचे, ताई, तुम्हीच बोला, मला ते इंग्लिश नको. मग व्हायचं काय, समोरचा विचारायचा की हा चॅम्फर दुसऱ्या सेटिंगमध्ये का घेता, मी म्हणायची विचारून सांगते, एक दिवस गेला. आता काका माझ्या शेजारी बसतात, मी प्रश्न मराठीत सांगते, ते मराठीत उत्तर देतात, मी इंग्लिशमध्ये सांगते, आणि सुरुवातीलाच समोरच्यांना सांगून टाकते की आमचे प्रोडक्शनचे प्रमुख मराठीत बोलतील, मधे थोडा वेळ लागेल. एकाही कस्टमरने कधी तक्रार केली नाही. उलट जर्मनीतल्या इंजिनिअरचं इंग्लिशही काही मातृभाषेचं नसतं, तोही सावकाश बोलतो, आणि जॉब हातात धरून बोट लावून दाखवणारा माणूस समोर असला की त्याचा विश्वास वाढतो. भाषेला लाजून जाणकार माणसाला बाहेर ठेवू नका, एवढीच कळकळीची विनंती.

कॉल सुरू झाला की आपल्या बाजूने कोण कोण खोलीत आहे ते नावाने आणि कामाने सांगा, कॅमेऱ्याच्या बाहेर बसलेल्यांचंही. त्यांच्याकडे कोण आहे तेही विचारा. मग अजेंडा स्क्रीनवर लावा. आमच्यात कामं वाटून घेतलेली असतात, मी बोलते, काका तांत्रिक उत्तर देतात, आणि क्वालिटीचा मुलगा एक शब्दही न बोलता फक्त लिहितो. बोलणाऱ्यानेच लिहायचं ठरवलं तर दोन्ही अर्धवट होतं.

आकड्यांसाठी आमची पद्धत सांगते. समोरच्याने आकडा सांगितला की मी तो परत म्हणते, एकेक अंक सुटा करून, 'झिरो, पॉइंट, झिरो, वन, फाईव्ह मिलिमीटर', आणि लगेच मायक्रॉनमध्येही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), 'फिफ्टीन मायक्रॉन, वन फाईव्ह'. फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी हे कॉलवर सारखेच ऐकू येतात, म्हणून अंक सुटे. त्याच वेळी क्वालिटीचा मुलगा तो आकडा चॅटमध्ये टाकतो आणि समोरचा तिथेच 'ओके' लिहितो. कॉल संपायच्या आधी ती चॅट कॉपी करून ठेवतो, कारण काही ठिकाणी मीटिंग बंद झाली की चॅट परत दिसत नाही. जर्मनीत दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम लिहितात हेही लक्षात असू द्या, त्यांच्या रिपोर्टमधलं १,५ म्हणजे आपलं दीड. आणि कळलं नाही तर परत विचारा. तिसऱ्यांदा विचारा, चौथ्यांदा विचारा, 'प्लीज टाइप इट इन द चॅट' एवढं वाक्य पाठ करून ठेवा, त्यात काहीही कमीपणा नाही.

स्क्रीन शेअर करताना पूर्ण डेस्कटॉप नको, फक्त ती एक विंडो शेअर करा. डेस्कटॉपवर दुसऱ्या कस्टमरच्या नावाचे फोल्डर असतात, वरून मेलचं नोटिफिकेशन येतं आणि त्यात रेट दिसतो, हे विश्वास मोडणारं आहे. ड्रॉइंग दाखवताना ज्या डायमेन्शनवर बोलताय तेवढा भाग मोठा करा, अख्खी ए-वन शीट दाखवून 'तो खालचा कोपरा' म्हणू नका.

शॉप फ्लोअर दाखवायचा असेल तर मोबाईलवरून वेगळं जॉईन व्हा आणि लॅपटॉप ऑफिसमध्येच राहू द्या. मोबाईल आडवा धरा, चालताना बोलू नका, एका जागी थांबा, मग बोला. आधी एक चक्कर मारून बघा की नेट कुठे जातं, आमच्याकडे पॅकिंगच्या कोपऱ्यात रेंजच नाही, म्हणून तिथलं आम्ही फोटोने दाखवतो. दुसऱ्या कस्टमरचे जॉब आणि ड्रॉइंग झाकून ठेवा. आणि एक गोष्ट जी आम्हाला उशिरा कळली, ही सॉफ्टवेअरं मागचा गोंगाट आपोआप दाबतात, त्यामुळे स्पिंडलचा आवाज किंवा टूल चॅटरचा (कटिंग करताना टूल थरथरल्याचा) आवाज कस्टमरला ऐकवायचा असेल तर तो त्याच्यापर्यंत जातच नाही, त्याला फक्त शांतता ऐकू येते. झूममध्ये ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा, टीम्समध्ये नॉइज सप्रेशन बंद करा, आवाज ऐकवून झाला की परत पूर्ववत करा.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, शक्यतो मेलवरच. जर्मनीत दुसऱ्याचं खासगी बोलणं परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं हा फौजदारी गुन्हा आहे, तिथल्या दंडसंहितेचं कलम २०१. मोबाईल शेजारी ठेवून गुपचूप रेकॉर्ड करणं हा प्रकार तर अजिबात नको. मी रेकॉर्डिंग मागतच नाही, चांगल्या मिनिट्स असल्या की त्याची गरज पडत नाही.

सुरक्षेचं थोडक्यात, दरवेळी नवीन मीटिंग आयडी, पासकोड चालू, वेटिंग रूम चालू, सगळे आले की मीटिंग लॉक. एप्रिल २०२० मध्ये आपल्या गृह मंत्रालयानेही झूमबद्दल सूचना काढल्या होत्या, त्यात हेच होतं. लिंक व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका.

तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि एखादा डायरेक्टर बाहेरगावी असेल तर बोर्ड मीटिंगही अशी होऊ शकते, कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७३ मध्ये व्हिडिओवरून हजर राहायची सोय आहे, पण नुसता फोन कॉल त्यात चालत नाही, चित्र आणि आवाज दोन्ही लागतात, रेकॉर्डिंग जपावं लागतं, आणि प्रत्येकाने नाव, कुठून बोलतोय आणि आपल्या जागी दुसरं कुणी ऐकत नाहीये हे सांगायचं असतं. मिनिट्सचा मसुदा १५ दिवसांत सगळ्यांना पाठवायचा असतो. बाकीचं तुमच्या सीएंकडून किंवा सीएसकडून (कंपनी सेक्रेटरी) करून घ्या.

कस्टमरच्या मिनिट्सना मात्र १५ दिवस नाहीत, त्याच संध्याकाळी गेल्या पाहिजेत. कॉल संपला की लगेच चहा घ्यायला उठू नका, आम्ही तिघं दहा मिनिटं तिथेच बसतो आणि कोणाला काय कळलं ते पडताळतो, कारण बऱ्याचदा तिघांनी तीन गोष्टी ऐकलेल्या असतात. मेलमध्ये लांबलचक चर्चा लिहायची नाही, काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि काय अजून ठरलेलं नाही. ठरलेल्या आकड्यांची वेगळी यादी, ड्रॉइंग नंबरसकट. शेवटी असं लिहा की यात काही चूक असेल तर दोन दिवसांत कळवा, आणि डायमेन्शन बदलला असेल तर नवीन रिव्हिजनचं ड्रॉइंग आल्याशिवाय आम्ही कटिंग सुरू करणार नाही. हे शेवटचं वाक्य आम्ही प्रत्येक मेलमध्ये टाकतो. आणि त्याच मिनिट्सचं मराठीत एक पान काढून संबंधित मशीनवर लावतो, कारण कॉलवर ठरलेलं ऑपरेटरपर्यंत पोचलं नाही तर इतका सगळा खटाटोप कशाला केला.

पहिल्यांदाच करणार असाल तर एकदम परदेशी कस्टमरला बोलावू नका. आधी तुमच्या मटेरियलवाल्यासोबत किंवा प्लेटिंगवाल्यासोबत वीस मिनिटांचा एक कॉल लावा, त्यात ड्रॉइंग शेअर करा, मोबाईलवरून फ्लोअर दाखवा, मधेच मुद्दाम राउटर बंद करून हॉटस्पॉटवर या, संध्याकाळी मिनिट्स पाठवा. असे दोन कॉल झाले की कुठे काय अडतंय ते तुम्हालाच दिसेल, आणि सुपरवायझरला त्या दोन्ही कॉलला शेजारी बसवा.